सात फुटी दार आणि कल्याणची खाडी : होडी किती रुंद हवी?

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, मधली "अं… म्हणजे" तेवढी काढलीत.

तर विषय आहे होडीची रुंदी. हसू नका. इतिहासाच्या पॉडकास्टवर हे कुठून आलं ते सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या यूट्यूबवर तो व्हिडिओ कधीतरी येऊन गेला असेल: इंग्लंडातलं एखादं जोडपं घर विकतं आणि लांबलचक, रंगीत होडीत राहायला जातं. होडी कालव्यातून माणसाच्या चालीने सरकते, आत स्वयंपाकघर, पलंग, लोखंडी शेगडी, सगळं. पण आतली जागा बघा, एसटीच्या बसपेक्षाही चिंचोळी. सत्तर फूट लांब आणि फक्त सात फूट रुंद. त्याच देशात दुसरीकडे बारा-चौदा फूट रुंद होड्याही आहेत, त्यात राहणारे ऐसपैस सोफे टाकतात. किन्हवलीच्या एका श्रोत्याने असा व्हिडिओ पाठवून दोन प्रश्न विचारले. एक, हे लोक सगळेच रुंद होडी का घेत नाहीत? दोन, आपल्या भातसाच्या कालव्यात अशी होडी चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात आहे: नाही. पण ते "नाही" उलगडायला अडीचशे वर्षं मागे जावं लागतं, आणि मग दोन हजार वर्षं.

आधी इंग्लंड. १७६६ साली तिथल्या पार्लमेंटने ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडणाऱ्या कालव्याला मंजुरी दिली. काम होतं जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरकडे. मूळचा गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. त्याच्यासमोर अडचण अशी की वाटेत चढ आहे आणि पाणी चढ चढत नाही. त्यासाठी लॉक बांधतात. लॉक म्हणजे पाण्याचा जिना समजा: दोन दारांच्या मधे एक हौद, होडी आत घ्यायची, खालचं दार बंद, वरचं पाणी हौदात सोडायचं, होडी पाण्याबरोबर वर उचलली जाते, मग वरचं दार उघडून पुढे. झकास युक्ती आहे. पण होडी एकदा चढली किंवा उतरली की हौदभर पाणी खाली जातं, कायमचं. जितका हौद रुंद, तितकं पाणी जास्त. डोंगरमाथ्यावर ते पाणी आणायचं कुठून? शिवाय हेअरकॅसलच्या टेकडीतून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणायचा होता, तोही कुदळ-फावड्याने आणि सुरुंगाच्या दारूने. बोगद्याची रुंदी वाढवली की खर्च वाढणार. ब्रिंडलीने हिशेब केला आणि दार ठरवलं सात फुटांचं. तो बोगदा इतका कंजूस होता की घोड्याला चालायला काठही ठेवला नाही. मग होडी ओढणार कोण? माणसं होडीवर उताणी झोपायची आणि दोन्ही भिंतींना पाय लावून, भिंतीवर "चालत" होडी पुढे ढकलायची. अंधारात, तासन् तास.

ब्रिंडली १७७२ मध्ये गेला, बोगदा १७७७ मध्ये सुरू झाला, पण सात फुटांचा आकडा काही गेला नाही. कारण एकदा एका कालव्याचं दार सात फुटी झालं की त्यातून जाणाऱ्या सगळ्या होड्या सात फुटी. मग शेजारच्या कालव्यालाही त्याच होड्यांचा धंदा हवा, म्हणून त्याचंही दार सात फुटी. आमच्या क्षेत्रात याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात आणि तिने भल्याभल्यांचे केस पांढरे केलेत. लंडनहून मध्य इंग्लंडकडे जाणारा ग्रँड जंक्शन कालवा १७९३ मध्ये हाती घेतला, १८०५ मध्ये पूर्ण झाला. त्यांनी मोठ्या उमेदीने चौदा फुटी लॉक बांधले. म्हटलं, आपण रुंद केलं की बाकीचे करतील. बाकीच्यांनी बहुतेक ठिकाणी केलं नाही. मग झालं काय, तर त्या चौदा फुटी हौदात दोन सात फुटी होड्या शेजारी शेजारी उभ्या राहू लागल्या. पुढे इंजिनं आली तेव्हाही जोडीच: एक इंजिनवाली, तिच्या मागे एक बिनइंजिनाची. नवा हायवे चौपदरी केला आणि त्यावरून दोन बैलगाड्या जोडीने जातायत, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

उत्तरेकडे मात्र लीड्स ते लिव्हरपूल कालव्यावर पहिल्यापासून चौदा फुटी होड्या होत्या. म्हणून आजही यूट्यूबवरच्या माणसाला रुंद होडी घ्यायची तर आधी ठरवावं लागतं की आयुष्यभर उत्तरेत राहायचं की दक्षिणेत. मधला सात फुटी पट्टा तिला ओलांडता येत नाही. बऱ्याचदा ट्रकवर लादून न्यावी लागते. होडी, ट्रकवर!

आता थोडं फिजिक्स, दहावीचंच. होडी स्वतःच्या आणि मालाच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. समजा पेटीसारखी चौकोनी होडी आहे, १२ मीटर लांब, सगळं मिळून वजन २५ टन. रुंदी २.१ मीटर, म्हणजे सात फूट असेल तर ती जवळजवळ एक मीटर बुडेल. रुंदी दुप्पट करा, अर्धाच मीटर बुडेल. म्हणजे उथळ पाण्यात रुंद होडी राजा. उलटायलाही ती सहज तयार होत नाही, कारण डुलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या हिशेबाने वाढतो. मग अरुंद होडीचा फायदा काय? कालव्यात होडी पुढे जाते तेव्हा समोरचं पाणी बाजूने मागे यावं लागतं. कालवा भरून बसणारी रुंद होडी घातली तर त्या पाण्याला वाटच राहत नाही, होडी पाणी ढकलत बसते आणि घोडा दमतो. शिवाय वल्ही मारून पळायचं असेल तर लांब, निमुळती होडीच हवी.

हे सगळं डोक्यात ठेवा आणि आता आपल्याकडे या.

भातसाचा कालवा पाटबंधाऱ्याचा आहे. त्याला पाणी आवर्तनाने सुटतं. मधे मोऱ्या, सायफन, छोटे पूल. कुठे अस्तर उखडलेलं, कुठे गाळ. लॉक एकही नाही, कारण होडी चालवायचा विचारच कधी नव्हता. भारतात होड्यांसाठी कालवे झाले ते सपाट मुलखात: आर्थर कॉटनने गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात केले, मद्रासकडे किनाऱ्याला समांतर बकिंगहॅम कालवा झाला. आपल्याकडे एका बाजूला सह्याद्रीची भिंत, नद्या पावसाळ्यात दुथडी आणि मे महिन्यात डबकी. इथे होडीचा कालवा खणणं म्हणजे जिनेच जिने.

पण आपल्याला कालवा खणायची गरजही नव्हती. समुद्र स्वतः कल्याणपर्यंत येत होता.

नकाशा उघडा, फोन हातात आहेच. शहापूरची भातसा काळूला मिळते. काळू मुरबाड तालुक्यातून, माळशेजच्या बाजूने येते आणि कल्याणच्या वर उल्हासला मिळते. आणि उल्हास कल्याणपाशी खाडी होते. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा तिथपर्यंत चढतं आणि दोनदा उतरतं. पुढे ठाण्याजवळ एक फाटा ठाण्याच्या खाडीत, मुख्य पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याच्या या दोन तालुक्यांचं बंदर होतं कल्याण. एक दिवसाच्या वाटचालीवर, फार तर दोन.

मुरबाडकरांनी तर कॉलर ताठ करावी. नाणेघाट तुमच्याच तालुक्यात आहे. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल त्या घाटाने उतरायचा, वैशाखऱ्यावरून मुरबाडमार्गे कल्याणला जायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात कल्याणचा उल्लेख 'कल्लिएना' असा आहे. एके काळी रीतसर बाजारपेठ, पण नंतर सत्ता बदलली आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत, असं तो लेखक सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीही बंदर चालू की बंद हे पाण्यापेक्षा सत्तेवर जास्त ठरत होतं.

घाटातून उतरणारा माल बैलांच्या पाठीवर असायचा. एका बैलावर सव्वाशे किलोच्या आसपास गोणी. म्हणजे २५ टनांचा माल असेल तर दोनशे बैल, त्यांचा चारा, त्यांचे राखणदार, रात्रीचा मुक्काम. तोच माल कल्याणच्या धक्क्यावर एका होडीत मावतो आणि चार-सहा खलाशी तो भरतीच्या वेळापत्रकावर समुद्राकडे नेतात. ओहोटी लागली की सोडायची, पाणी फिरलं की नांगर टाकून थांबायचं, परत ओहोटीची वाट बघायची. इंग्लंडातल्या लॉकचं काम इथे चंद्र फुकटात करत होता.

आणि म्हणून इथली मालाची होडी रुंद. सात फुटी दार नाही, बोगदा नाही. खाली गाळ आणि उथळ पाणी. ओहोटीला होडी चिखलात बसणारच, तेव्हा तळ असा हवा की ती सरळ बसेल, कुशीवर कलंडणार नाही. पडाव म्हणतात तो हाच प्रकार: पसरट, पोट मोठं, भात, गवत, मीठ, लाकूड काहीही घ्या. वेगाची कुणाला घाई नव्हती. कल्याणला आजही रेतीबंदर हे नाव ऐकू येतं.

आता माझा आवडता भाग. १६५७ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर इथेच आरमाराची सुरुवात झाली. आपण हे शाळेत एका ओळीत शिकतो आणि पुढे थेट सिंधुदुर्गावर जातो. थांबा ना जरा. कल्याणच का? एक तर खाडी आत आहे, वादळवाऱ्यापासून सुरक्षित. दुसरं, मागे सागाचं रान आहे. जहाज म्हणजे मुळात लाकूड, आणि लाकूड बैलाच्या पाठीवर मावत नाही. ते जिथे आहे त्याच्या जवळच बांधावं लागतं. कुशल कारागीर मात्र आपल्याकडे कमी होते. १६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांत येतं की शिवाजीच्या वीस युद्धनौका बांधल्या जात आहेत आणि त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याचे लोक आहेत. पुढे हे कारागीर काम सोडून निघून गेले. पोर्तुगीजांनी त्या नौकांना 'सांगिसेल' म्हटलंय. हे नाव लक्षात ठेवा, कारण सांगिसेल म्हणजे हलकी, अरुंद, वल्ह्यांची नाव.

पहिल्याच खेपेला अरुंद का? मला वाटतं उत्तर नकाशातच आहे. कल्याणहून समुद्रात जायचं तर वाट वसईवरून किंवा ठाण्यावरून, आणि दोन्हीकडे पोर्तुगीज. इंग्लंडमध्ये दार सात फुटांचं होतं, इथे दारावर तोफा होत्या. अशा खाडीतून वारा असो-नसो चपळाईने निघायचं तर शिडाच्या भरवशावरचं जड जहाज काय कामाचं? हा माझा तर्क आहे, पण होडी वाटेप्रमाणे बनते हा नियम इथेही दिसतो.

पुढे आरमार वाढलं तेव्हा दोन मुख्य प्रकार ठरले: गुराब आणि गलबत. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ओर्म याने दोन्हींचं वर्णन नीट लिहून ठेवलंय. गुराब म्हणजे दोन डोलकाठ्यांची असेल तर १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची असेल तर ३०० टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने फार रुंद, मधोमध फुगलेली आणि टोकाकडे निमुळती, आणि पाण्यात फारच कमी बुडणारी. आता लक्षात आलं ना, दहावीचं फिजिक्स? रुंदी वाढवली म्हणून खोली कमी झाली. युरोपियन लढाऊ जहाज खोल पाण्यात अडकून पडायचं, गुराब खाडीच्या तोंडात सुखाने शिरायची. त्या रुंदीमुळे तिच्यावर जड तोफा चढवता येत होत्या, नाळेवरून थेट पुढे मारा करणाऱ्या.

गलबत लहान. मोठ्यातलं मोठं ७० टनांच्या आत-बाहेर, चाळीस-पन्नास वल्ही, तासाला चार मैलांचा वेग. तोफा छोट्या. एकट्याने ते मोठ्या जहाजाला काही करू शकत नाही. आणि एकटी गुराब वारा पडला की पाण्यातला ओंडका. म्हणून दोघं मिळून लढत: वारा नसेल तेव्हा गलबतं दोर बांधून गुराबेला ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला नेत, जिथे त्याच्या तोफा पोचत नाहीत. रुंद होडी तोफा वाहते, अरुंद होडी तिला पाय देते. पण यातली घामाची बाजूही बघा. गुराबेला ओढायला पन्नास माणसं वल्ही मारतायत आणि हेअरकॅसलच्या बोगद्यात दोन माणसं भिंतीला पाय लावतायत. होडीच्या मापात जे वाचवलं, ते कुणाच्या तरी पाठीतून वसूल झालंच.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या विषयावर खास सूचना आहेत. त्यांचा मतितार्थ असा की गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, आणि वाऱ्याशिवाय जागची हलणारच नाहीत अशी अवजड जहाजं सजवण्यात अर्थ नाही. इतकी सरळ इंजिनिअरिंगची नोट तीनशे वर्षांपूर्वीच्या राजनीतीच्या पुस्तकात बघून मी थक्क झालो. त्याच पुस्तकात लाकडाचाही नियम आहे. रानातला साग वगैरे लागेल तो परवानगीने तोडावा, कमी पडलं तर विकत आणावं. पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं लोकांनी वर्षानुवर्षं लेकरासारखी वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं.

हा नियम वाचला की मला कायम आपल्याकडचे ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी आठवतात. रानात कुऱ्हाड चालवणारे हात यांचेच. १८७८ च्या वन कायद्यानंतर त्याच रानात जायला त्यांना परवानगी लागू लागली. जहाजाच्या इतिहासात तांडेल येतो, सुतार येतो, सरदार येतो. ओंडका खांद्यावर घेऊन उतरणारा येत नाही. आणि गंमत बघा, आपल्याकडच्या डोंगरी कोळ्यांना नावामुळे लोक हमखास विचारतात, "मासे पकडता का?"

मग आली आगगाडी. १८५३ ला ठाणे, १८५४ ला कल्याण, १८६१ ला कसारा, १८६५ ला घाट चढून इगतपुरी. वाशिंद, आसनगाव, आटगाव ही स्टेशनं झाली आणि शहापूरच्या मालाला कल्याणचा धक्का लागेनासा झाला. खाडीवर पूल आले, म्हणजे शिडाच्या होडीला नवीन दार आलं, या वेळी उंचीचं. मुरबाडला तर रेल्वेही मिळाली नाही. घाटवाटेचं महत्त्व गेलं, पुढे बंदर गेलं, आणि बदल्यात काही आलं नाही. मागणी जुनी आहे, घोषणाही ऐकल्यात, गाडी अजून यायचीय. दोन हजार वर्षं हमरस्त्यावर असलेला तालुका असा बाजूला पडला.

शहापूरचं वेगळंच झालं. १८९२ मध्ये तानसा धरणाचं पाणी नळातून मुंबईला गेलं. मग मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. एके काळी या परिसरातून भात आणि लाकूड पाण्यावरून जायचं, आता पाणीच जातं. भातसाचं पाणी नदीपात्रातून पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होऊन शहरात. नळाच्या व्यासाला मात्र कुणी सात फुटांत अडकवून ठेवलं नाही, जुने नळ अपुरे पडले की मोठे टाकले. आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकर. हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, तुमच्यातले काही जण हा भाग टँकरच्या रांगेत ऐकत असतील.

आता शेवटी सध्याची बातमी. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग आहेत. त्यातला ५३ वा म्हणजे कल्याण–ठाणे–मुंबई, वसई खाडी आणि उल्हास नदी धरून, १४५ किलोमीटर. पेरिप्लसवाल्याचीच वाट, आता क्रमांकासह. त्यावर कल्याणपासून नियमित वाहतूक अजून नाही. पण खाली, वसई आणि भाईंदरच्या मधे फेब्रुवारी २०२४ पासून रो-रो सुरू झाली. गाड्या थेट बोटीत चढतात, पलीकडे उतरतात. बोट कशी आहे? पसरट, सपाट, रुंद. पडावाची नातच म्हणा ना. कधी गेलात तर काठावर उभे राहून ती पाण्यात किती बुडलीय तेवढं बघा, आणि फोटो पाठवा.

पुढच्या भागात नाणेघाटातल्या दगडी रांजणाकडे जाऊ. तो जकातीचा होता की पाण्याचा, यावर मुरबाडमध्ये दोन तट आहेत आणि दोन्हीकडून मला मेसेज आलेत.